बाजूला काढलेला बलक

“एका बलकानं माणूस मरतो काय, वस्ताद?”

कासम वस्ताद उकडलेलं अंडं सोलत होते. त्यांनी वर बघितलं नाही. टरफलाचा एक बारीक तुकडा चिकटून बसला होता, तो नखानं काढण्यात ते गुंतले होते.

रंगराव इंगवले तालमीच्या ओट्यावर त्यांच्यासमोर बसला होता. बसला होता म्हणजे नुसता टेकला होता. रस्त्यावरून इथवर येताना त्यानं मध्येच भिंतीला हात लावला होता, आणि कुणी बघत नाही ना, हे आधी बघून घेतलं होतं.

आता रंगराव म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे बरं का. याच तालमीत लहानाचा मोठा झालेला, मैदानं मारलेला, चांदीच्या गदा दिवाणखान्यात मांडून ठेवलेला गडी. पुढं त्यानं शहरात स्वतःची व्यायामशाळा काढली आणि खुराकाचा पंडितच होऊन बसला. अंडं खायचं, पण पिवळं काढून, हा त्याचा कायदा. व्यायामशाळेच्या मागच्या दाराशी बलकांची बादली भरायची, आणि गल्लीतली मांजरं खाऊन खाऊन सुस्तावली होती.

त्याला कारण होतं. त्याचा थोरला भाऊ, आनंदा. तोही याच तालमीतला. दुधात अंडी फोडून घटाघटा प्यायचा, आणि हसला की पत्रे हलायचे. एका सकाळी त्यानं पेला तोंडाला लावला आणि तसाच बसल्या जागी गेला. ओठाला पिवळं लागलेलं होतं. रंगरावानं ते आपल्या टॉवेलानं पुसलं.

तेव्हापासून तो पिवळ्याला जो भ्याला, तो भ्यालाच. भ्यालो असं मात्र कधी म्हणाला नाही. तो त्याला शास्त्र म्हणायचा.

“मी काय विचारलं, वस्ताद?”

“ऐकलं.”

“परवा मेव्हण्याच्या पोरीचं लग्न होतं. बिर्याणी होती. बोलण्याच्या नादात अख्खं अंडं तोंडात गेलं. गिळल्यावर कळलं...”

“चव कशी होती?”

“चेष्टा करू नका वस्ताद. रात्री छातीवर कुणी गुडघा रोवल्यागत झालं. मी उठून बसलो. बायकोला उठवलं न्हाई. अंधारात आनंदाचं तोंड दिसायला लागलं.”

वस्तादांनी टरफलं कागदावर गोळा केली. दुपारची वेळ, तालमीत दुसरं कुणी नव्हतं. आत लाल मातीचा हौद नुकताच खणून सारखा केलेला होता, त्याचा तेलाताकाचा ओला वास ओट्यापर्यंत येत होता. ह्या वासानं एरवी रंगरावाची छाती फुगायची. आज त्याला तो वास नको वाटत होता.

“आनंदाच्या वयाला पोचलोय आता मी,” तो हळूच म्हणाला.

वस्तादांनी अंडं मिठात बुडवलं आणि अख्खंच्या अख्खं खाल्लं. पांढरं, पिवळं, सगळं. सावकाश चावून.

रंगराव त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. म्हातारा पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेला, आणि कसा निवांत खातोय. रंगराव ओट्यावर जरा मागं सरकून बसला.

“म्हणजे चालतंय तर...”

वस्तादांनी दुसरं अंडं सोललं. मधोमध फोडलं. पांढरं खाल्लं आणि पिवळा गोळा अलगद काढून कागदावर टरफलांशेजारी ठेवला.

रंगरावानं कागदावरच्या पिवळ्याकडं बोट केलं.

“म्हणजे... चालत न्हाई?”

“मला एक चालतो.”

“अन् दुसरा?”

“दुसरा चालत न्हाई.”

“असं कुठल्या शास्त्रात हाय?”

“शास्त्र मला काय ठावं? बाजारपेठेतल्या डॉक्टरीणबाई हायत, त्यांनी रक्त बघितलं, छातीची पट्टी काढली, अन् म्हणाल्या, चाचा, रोज एक खावा. मी एक खातो. उद्या म्हणाल्या दोन खावा, तर दोन खाईन. बंद म्हणाल्या तर बंद.”

“अन् मी? मी किती खाऊ?”

“मला काय विचारतोस? रक्त तुझं हाय.”

रंगराव हसायला गेला. ते हसू काही जमलं नाही.

“तुला कुणी सांगितलं पिवळं सोड म्हणून?” वस्तादांनी विचारलं.

“कुणी कशाला सांगायला पायजे? मी वाचलंय. शंभर पोरांना शिकवतो मी.”

“तुझं रक्त कुणी बघितलं?”

रंगरावानं सदऱ्याची बाही सारखी केली.

“छाती?”

“मला काय झालंय, वस्ताद? व्यायाम करतो. तेलकट न्हाई, तुपकट न्हाई, पिवळं तर एवढ्या वर्षांत शिवलो न्हाई. परवाचं तेवढं सोडलं तर.”

तो तावातावानं बोलत होता, आणि बोलता बोलता त्याचा श्वास तुटायला लागला होता. ते त्यालाही कळत होतं. कळू नये म्हणून तो आणखी जोरात बोलत होता.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, म्हाताऱ्या माणसासारखे. दारापाशी जाऊन त्यांनी आत बोट दाखवलं.

“हौदात उतर.”

“आत्ता?”

“माती अंगाला लाव. लई दिवस झाले.”

रंगराव दारापर्यंत गेला. हौद काही विहीर नव्हता. दोन पायऱ्या खाली, दोन पायऱ्या वर. लहानपणी ह्या पायऱ्या त्यानं कधी वापरल्याच नव्हत्या, काठावरून सरळ उडी टाकायचा. आज त्यानं त्या दोन पायऱ्यांकडं बघितलं, आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की उतरीन खरा, पण वर येईन काय?

भीती वाटत होती. शास्त्रबिस्त्र काही नाही, साधी भीती, अंधाऱ्या खोलीत पोराला वाटते तसली. आणि तीही ह्या जागी, जिथं त्याच्यापुढं उभं राहायला लोक भीत होते.

“आज नको, वस्ताद.”

“का?”

“कपडे चांगले हायत.”

वस्तादांनी त्याच्या कपड्यांकडं बघितलंच नाही. ते त्याच्या गळ्याकडं बघत होते. गळ्याची शीर उडत होती.

“कधीपासनं?”

“काय कधीपासनं?”

“रंगा...”

रंगरावानं चौकट धरली. बाहेर कुणाची तरी फटफटी गेली, तिचा आवाज पार मिटला.

“दिवाळीपासनं,” तो म्हणाला. “जिना चढलो की धरतंय. डाव्या हाताला मुंग्या येतात. थांबलो की जातंय.”

“अन् लग्न?”

“परवा.”

“परवा.”

“व्हय.”

“म्हणजे छाती दिवाळीपासनं धरतीया, अन् अंडं आलं परवा.”

रंगरावानं चौकटीवरचा हात काढून घेतला.

“तुझा ह्यात काय डाव हाय सांगू?” वस्ताद म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तालमीतला होता. “मैदानात काही पैलवान असतात. तगडा गडी समोर आला की त्यांचं पाऊल दुखतं, खांदा दुखतो. मग ते हलकी जोड मागून घेतात. एखादं कोवळं पोरगं. त्याला आपटतात अन् फेटा बांधून मिरवतात. तू बलकाशी जोड लावलीस, लेका. रोज आपटतोस त्याला. बादल्याच्या बादल्या भरल्यास.”

“वस्ताद, पण आनंदा...”

“तगडा गडी काठावर उभा हाय हाताची घडी घालून. तू त्याच्याकडं पाठ करून शड्डू ठोकतोयस.”

रंगराव मटकन उंबऱ्यावर बसला. इतका मोठा देह, पण बसला तो मारलेल्या पोरासारखा. डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला शुद्ध नव्हती.

“मला भ्या वाटतंय, वस्ताद,” तो म्हणाला. “तिथं जाऊन ते काय सांगतील ह्याचं भ्या वाटतंय. न्हाई गेलो तर निदान...”

“निदान काय?”

“निदान ठावं तर न्हाई.”

वस्ताद त्याच्या शेजारी बसले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सदरा भिजून पाठीला चिकटला होता. हात तिथंच राहिला. धीर देणारं एक अक्षर म्हातारा बोलला नाही, आणि रंगराव मनातून त्याचीच वाट बघत होता, की आता म्हणतील, काही न्हाई होत, रंगा, दणकट हायस तू.

थोड्या वेळानं वस्ताद उठले आणि कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवायला लागले. एक पाय चुकीच्या चपलेत गेला, तो काढून त्यांनी पुन्हा घातला.

“चल. डॉक्टरीणबाई चारपर्यंत असतात.”

“आत्ता?” रंगराव दचकला. “आत्ता कसं? घरी सांगितलं न्हाई, व्यायामशाळेत पोरं यायची वेळ झाली...”

“चल.”

“जातो की, वस्ताद. तुमच्या पायाची शपथ. आजचा दिवस जाऊ द्या. उद्या सकाळी उठून पयलं तेच करतो.”

वस्ताद दारात थांबले. रिकाम्या हौदाकडं बघत राहिले...

“आनंदा पण उद्याच म्हणाला होता, रंगा. अन् मी त्याला बरं म्हटलं होतं.”