गंगाप्पा शेटचे चार टाके

भक्तहो, आंबेखिंडीच्या भैरोबाच्या देवळात हरबा महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकूबाई नावाची विधवा राहत असे. जुन्या लुगड्यांचे थर लावून गोधड्या शिवायच्या आणि दर टाक्याला भैरोबाचं नाव घ्यायचं, एवढंच तिला ठाऊक. आणखी सहाजणी आपापल्या घरी हेच काम करीत. माल मात्र गंगाप्पा शेट उचलायचा, पायलीभर जोंधळा त्यांच्या पदरात टाकायचा आणि जत्रेत "आमच्या हातच्या गोधड्या" म्हणून मिरवायचा. वा रे शेट!

त्या वर्षी ठकूबाईने पदर खोचला. सातही जणींच्या गोधड्या घेऊन ती स्वतःच जत्रेत मांडून बसली. शेट गड्यांना घेऊन तणतणत आला. "ठके, बाईमाणसानं घरात टाके घालावेत. बाजार काय तुझ्या बापाचा? माल माझा आहे. उचला रे सगळा!"

जमलेल्या पंचांनी माना खाली घातल्या. सात घरांची वर्षभराची मेहनत चालली होती! ठकूबाई गोधड्यांवर आडवी पडली. "जीव गेला तरी देणार नाही! भैरोबा, बघतोयस ना रे?"

तेवढ्यात महाराज आले. हसून म्हणाले, "शेट, माल तुमच्या हातचा ना? मग ही एक गोधडी अर्धी राहिलीय, तीवर चार टाके घाला. सगळा माल तुमचा."

"त्यात काय मोठंसं!" म्हणत शेट ऐटीत गोधडीवर बसला. बोट टोचून घेत, ते चोखत, त्याने कसेबसे चार टाके घातले. झोकात उठला, तर गोधडीही उठली! स्वतःचंच धोतर त्याने गोधडीला शिवून टाकलं होतं. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. शेटने दोरा ओढला, तुटेना. शिंप्याची कात्री आणली, तिचीच धार गेली. काय सांगावा तो चमत्कार! साधा सुती दोरा, पण भैरोबाने धरून ठेवला होता.

"महाराज, सोडवा हो! आता चारचौघांत धोतर फेडू का?" शेट रडकुंडीला आला.

महाराज म्हणाले, "मला कुठं शिवण येतं? जिचं काम आहे, तिला विचारा."

शेटचा ताठा उतरला. "ठकूबाई, चुकलो. गोधड्या तुमच्या. तुमच्या तुम्ही विका, मी आड येणार नाही."

ठकूबाईने नुसतं बोट लावलं आणि दोरा सरकन निघाला. "अण्णा, गोधडीवर बसताना धोतर आवरून घ्यायचं असतं. पोरींना आम्ही हे पहिल्याच दिवशी शिकवतो."

शेट महाराजांच्या पायांवर वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले आणि ठकूबाईकडे बोट दाखवलं. भर जत्रेत गंगाप्पा शेटने तिच्यापुढे कपाळ जमिनीला टेकलं.

ठकूबाई म्हणाली, "उठा अण्णा. गिऱ्हाईक थांबलंय, जरा बाजूला व्हा."