टोपलीखालचं पाऊल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

त्या राज्याच्या राजाला शिस्तीचं भारी वेड. रोज दिवेलागणीला दरबार भरायचा आणि राजा कोतवालाला एकच विचारायचा, "आज कोण धरला?" मग कोतवालाला कोणीतरी उभा करावाच लागे. आता तुम्हीच सांगा, दरोडेखोर काय रोज संध्याकाळच्या आत सापडतात? पण घाटावर भलत्या बाजूला धुणं धुणारी बाई सापडते. वेशीतून गाढवावर बसून आत येणारा म्हातारा सापडतो. कोतवालानं हे बरोबर ओळखलं होतं. त्याचे शिपाई दिवसभर असल्याच माणसांच्या मागे असायचे.

त्याच्या हाताखाली एक पागी होता. पागी म्हणजे पावलांचे ठसे बघून माग काढणारा. मोठा कसबी माणूस. धुळीतलं पाऊल बघून तो सांगायचा, चालणारा थकलाय की घाबरलाय, ओझं डोक्यावर आहे की काखेत. आणि एवढं कसब जायचं कुठं, तर कोणाची शेळी कोणाच्या कुंपणात शिरली ते शोधण्यात! त्याला वाईट वाटायचं, पण पोटासाठी तो गप्प बसायचा.

एके सकाळी एक कोष्टीण धडपडत चावडीवर आली. तिची बारा वर्षांची लेक सगुणी पहाटे सुताच्या लडी धुवायला नदीवर गेली होती, ती परतलीच नव्हती. पागी तिच्याबरोबर धावत नदीवर गेला. लडी काठावर तशाच ओल्या पडल्या होत्या. शेजारी नाल मारलेल्या वहाणांचे ठसे होते, दोन पुरुषांचे. त्यांच्यामधे सगुणीची अनवाणी पावलं, आणि टाचा खोल रुतलेल्या. पोरीला ओढत नेलं होतं आणि ती जीव खाऊन मागे रेटत होती. माग खिंडीकडे जात होता.

"बाई, माग ताजा आहे," पागी म्हणाला. "आत्ता निघालो तर दुपारच्या आत गाठीन."

तेवढ्यात एक शिपाई धापा टाकत आला. कोतवालानं पागीला असशील तसा ये म्हणून बोलावलं होतं. राजाच्या बागेतली चार अंजिरं कोणीतरी तोडली होती आणि माळ्यानं सकाळपासून कोतवालाचं डोकं खाल्लं होतं. पागीनं चावडीवर जाऊन हात जोडून पोरीचं सांगितलं. दिवस कलला की गावची गुरं खिंडीच्याच वाटेनं खाली उतरतात, मग धुळीत काही म्हणता काही उरत नाही, हेही सांगितलं. कोतवालानं सगळं ऐकून घेतलं. तो काही राक्षस नव्हता हो, त्यालाही दोन लेकी होत्या. पण त्याच्या डोळ्यांपुढे संध्याकाळचा दरबार होता.

"पोर आज सापडेल, याची खात्री देतोस?" त्यानं विचारलं.

पागीला खोटं बोलता येईना. "खात्री कशी देऊ, सरकार?"

"मग आधी अंजीरचोर. तो नक्की सापडेल."

इथंच पागी चुकला. त्याला नाही म्हणता आलं असतं, पण त्यानं मान डोलावली. तो नदीवर परत गेला आणि माग राखायची पागी लोकांची रीत असते त्याप्रमाणे त्यानं सगुणीच्या एका पावलावर टोपली पालथी घातली. कोष्टिणीला म्हणाला, हिच्याजवळ बसा, कोणाला हात लावू देऊ नका, मी आलोच. ती माउली टोपलीला बिलगून बसली.

अंजीरचोराचा माग दगडधोंड्यांतून गेला होता. तो काढता काढता दिवस कलला. चोर निघाला एक गरीब परीट. बायको पोटुशी होती, तिला अंजिरांचे डोहाळे लागले होते. दरबारात त्याला दहा फटके बसले. राजा खूश झाला आणि त्यानं पागीच्या मनगटात चांदीचं कडं घातलं. पागी मुजरा करायलाही थांबला नाही, तसाच मशाल घेऊन नदीकडे पळत सुटला.

गुरं केव्हाच उतरून गेली होती. खिंडीपासून काठापर्यंत नुसते खूरच खूर. कोष्टीण तिथंच बसली होती. दोन्ही हात पसरून, ओरडून ओरडून तिनं गुरांना टोपलीपासून लांब ठेवलं होतं. तिचा आवाज पार बसला होता. तिनं हळूच टोपली उचलली. खाली सगुणीचं पाऊल जसंच्या तसं होतं, करंगळीसकट.

"दादा, जपून ठेवलंय बघा," ती म्हणाली. "आता पुढचं दाखवा."

पुढचं पाऊल नव्हतं. पागी ढसाढसा रडला. कोष्टीण त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिलाही कळलं.

सगुणी सापडली नाही. पागीनं दुसऱ्याच दिवशी चाकरी सोडली. खिंडीपलीकडची गावंच्या गावं त्यानं पालथी घातली, त्यात त्याचे केस पिकले, पण पोरीचा ठावठिकाणा लागला नाही.

त्याच वर्षी नदीकाठावरून आणखी दोन पोरी गेल्या. त्यांच्या आया चावडीवर गेल्याच नाहीत. कशाला जातील? तिथं जाऊन काय होतं, ते आता घरोघरी ठाऊक होतं. वर्ष सरताना कोतवालानं राजाला सांगितलं की नदीकाठच्या लोकांची हल्ली एकही तक्रार येत नाही. राजाला फार समाधान वाटलं. माझी प्रजा सुखात आहे, असं तो म्हणाला.

म्हणून सांगतो, जो राखणदार सहज सापडणाऱ्याच्या मागे आधी धावतो, तो ज्याला वाचवायचं त्याला कायमचं गमावतो.