पालथा हात

एकदा एका वृद्ध वायरमनकडे एक पदवीधर मुलगी काम शिकायला राहिली. विजेची सगळी सूत्रं तिला तोंडपाठ होती. पण स्वभाव असा भित्रा, की शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या हातातली पक्कड खाली पडे. म्हातारा ती उचलून देई. त्याच्या पिशवीत टेस्टर, टेप आणि स्क्रूंबरोबर आवळासुपारीची एक डबीही असे. मुलगी फारच दचकली, की तो डबी पुढे करी. असे सहा महिने गेले.

शेवटी मुलीनेच मनाशी ठरवलं. जिला जपायला गुरूला सुपारी बाळगावी लागते, तिने या व्यवसायात राहू नये. आजचं काम उरकायचं आणि परतताना मास्तरांना सांगून टाकायचं, की उद्यापासून मी येत नाही.

काम अगदी साधं होतं. एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन जाम झाला होता. आंघोळीची वाफ कोंडून छताला काळी बुरशी धरली होती. नवा फॅन खोक्यासकट दारात तयार होता. व्यापारी मोठा बोलका. त्याने स्टूल आणून दाणकन ठेवलं आणि मुलगी जागच्या जागी उडाली.

"अहो ताई, स्टूल ठेवलं, बॉम्ब नाही!" व्यापारी हसला. "मास्तर, ही तुमची शिष्या का? आधी हिलाच अर्थिंग करून घ्या."

मुलगी कानापर्यंत लाल झाली. म्हातारा एवढंच म्हणाला, "शेटजी, तेवढा मेन बंद करा."

बाहेर खट् आवाज झाला. स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर थांबली.

"घ्या, पाडला मेन! आता ती वायर म्हणजे नुसता दोरा. बिनधास्त धरा."

मुलगी स्टुलावर चढली. जुन्या फॅनचे चारही स्क्रू तिने सोडवले आणि फॅन भिंतीच्या भोकातून अर्धा पुढे ओढला. मागे वायरींचा जोड होता. त्यावरची टेप वाळून गळून गेली होती. तांबं उघडं दिसत होतं. टेस्टर काढायला तिचा हात खिशाकडे गेला.

"अजून भीती वाटतेय का हो?" खालून व्यापाऱ्याने विचारलं.

हात खिशापाशीच थांबला. आज शेवटचा दिवस. आज तरी कोणी आपल्याला हसू नये, असं तिला फार वाटलं. टेस्टर तसाच ठेवून तिने मूठ उघडली आणि जोड धरायला हात पुढे केला.

त्याच क्षणी म्हाताऱ्याने पक्कड उचलून रिकाम्या स्टीलच्या बादलीवर ताडकन मारली.

एवढ्याशा बाथरूममध्ये घंटेसारखा आवाज घुमला. मुलगी किंचाळली. हात छातीशी आला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"टेस्टर लाव," म्हातारा म्हणाला.

तिने टेस्टर टेकवला. आतला इवलासा दिवा नारिंगी पेटला.

मग व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला. "अरे देवा, इन्व्हर्टर! लाइट गेली की आईला आत अंधारात भीती वाटते, म्हणून मीच बाथरूमची लाइन इन्व्हर्टरवर घ्यायला लावली होती. साफ विसरलो हो!" आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने तो इन्व्हर्टर बंद करायला धावला.

"तुम्हाला माहीत होतं, वायर चालू आहे ते?" मुलीने विचारलं.

"नाही बाळ. तू टेस्टर लावला नाहीस, एवढंच मला दिसलं. हाक मारली असती, तर तू 'हो मास्तर' म्हणत म्हणत जोड धरला असतास. पण भांडं वाजलं की तू हात मागे घेणार, याची मला सहा महिन्यांची खात्री होती."

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. बादली वाजवण्याआधीच म्हाताऱ्याने दुसऱ्या हाताने स्टूल घट्ट धरलं होतं. अजून तो धरूनच उभा होता.

इन्व्हर्टर बंद झाला. टेस्टर पुन्हा टेकवला, दिवा लागला नाही. म्हाताऱ्याने तिला खाली घेतलं आणि तो स्वतः वर चढला. तरीही त्याने उघड्या तारेला आधी पालथ्या हाताने, बोटांच्या मागच्या बाजूने, निसटता स्पर्श केला. हे तो नेहमीच करी. मुलीला ती आजवर म्हाताऱ्याची लकब वाटत आली होती.

"चाळीस वर्षं झाली, मास्तर. तुम्हीही घाबरता?"

"घाबरतो, म्हणून तर चाळीस वर्षं झाली." म्हातारा सावकाश खाली उतरला. "धक्का बसला की मूठ आवळते. त्यावर कोणाचाच ताबा नाही. तळवा पुढे असेल, तर ती तारेवरच आवळते आणि सुटत नाही. हात पालथा असेल, तर आवळताना तीच मूठ तारेपासून दूर येते. भयाचंही असंच आहे. मघाशी तुला विजेचं भय नव्हतंच. शेटजी हसतील याचं होतं. त्या भयाने तुझा हात पुढे नेला. बादलीच्या भयाने मागे आणला. भय काढून टाकायचं औषध माझ्यापाशी नाही, आणि असतं तरी तुला दिलं नसतं. ते कुठल्या बाजूने पुढे करायचं, तेवढं शीक."

मुलगी पुन्हा स्टुलावर चढली. आधी टेस्टर, मग पालथा हात. मग लाल, काळी, हिरवी, एकेक वायर तिने कनेक्टरमध्ये कसली आणि नवा फॅन बसवला. मेन सुरू झाल्यावर खोक्याचा एक कागद तिने जाळीपाशी धरला. तो जाळीला चिकटून राहिला.

"ओढतोय," ती म्हणाली.

एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि पक्कड खाली पडली. या वेळी व्यापारी हसला नाही. त्यानेच वाकून ती उचलून दिली. म्हाताऱ्याने डबी पुढे केली.

परतीच्या वाटेवर तिने म्हाताऱ्याची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "मास्तर, उद्या किती वाजता येऊ?"

"नेहमीच्या वेळेला. आणि सुपारी संपत आलीय, येताना घेऊन ये."

आपल्यापैकी ज्यांना दचकायची सवय आहे, त्यांनी खुशाल दचकावं. हात तेवढा पालथा असू द्यावा.