मधल्या मोहाची सावली

राखडोंगर हे नाव ऐकून आलेल्या माणसाची फसगत ठरलेलीच. त्याला वाटते, उघडाबोडका, काळाकुट्ट डोंगर असणार. गाडी नाक्याचे वळण घेते आणि समोर येतो तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडीने गच्च भरलेला डोंगर. मग पाहुणे विचारतात, याला राखडोंगर का म्हणता? चैतू सिडाम या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाही. तो या जंगलातला सर्वांत म्हातारा वाटाड्या. डोंगराच्या पायथ्याशी मोहाची तीन जुनी झाडे एका ओळीत उभी आहेत. तिथे तो गाडी थांबवायला लावतो, सगळ्यांना उतरवतो आणि कडेच्या झाडाच्या फांदीला टांगलेले खराटे काढून एकेक जणाच्या हातात देतो.

"आंधी झाडा," म्हणतो. "मंग सांगतो."

शहरातली माणसे हसत हसत खराटा फिरवू लागतात. गळ्यात कॅमेरे, डोळ्यांवर काळे चष्मे, आणि हातात खराटा. वाळका पाला बाजूला सरतो, खालची भुई दिसू लागते, आणि मोहाच्या फुलांचा तो गोडसर, किंचित गुंगी आणणारा वास नाकाशी येतो. मग कुणाच्या तरी लक्षात येते की कडेची दोन झाडे पार बोडकी आहेत, त्यांच्या फांद्यांना फुलांचे घोस आहेत पण पान एकही नाही, आणि मधला मोह मात्र तांबूस, कोवळ्या पालवीने भरला आहे. खाली दाट सावली पडली आहे. हे कसे काय, असे कुणी मोठ्याने विचारले की चैतू ओठांवर बोट ठेवतो.

"मधल्याखाली हळू बोलायचं, बापा," म्हणतो, आणि सावलीच्या कडेला उकिडवा बसून सांगायला लागतो.

फार मागची गोष्ट आहे म्हणे. किती मागची, ते चैतू सांगत नाही. जंगलात सरकारी नाके नुकते उभे राहिले होते, एवढेच सांगतो. त्या काळी हा डोंगर दर साली जळायचा. फाल्गुन सरत आला की एखाद्या सकाळी पायथ्याशी धूर दिसायचा, दुपारपर्यंत आग माथ्यावर पोचायची, आणि मग पाऊस येईपर्यंत डोंगर राखेचा होऊन पडून राहायचा. वारा सुटला की राख उडून गावातल्या घरांवर बसायची. त्यावरून नाव पडले, ते पडलेच.

आग कुणी परके येऊन लावत नव्हते. गावच लावायचे. मोहाचे फूल पहाटे गळते, आणि त्याच सुमारास झाडाची सगळी पानेही गळून खाली पडलेली असतात. त्या पाल्यात फूल शोधायचे म्हणजे डोळे फुटायची वेळ. म्हणून बायामाणसे झाडाखालच्या पाल्याला काडी लावत. पाला जळून जाई, भुई काळी होई, आणि त्या काळ्या भुईवर पिवळसर फुले लांबून उठून दिसत. टोपली बघता बघता भरे. वर्षभर ते फूल वाळवून खायचे, बाजारात न्यायचे, त्यावर घर चालायचे. एखाद्या झाडाखालची आग वाऱ्याने सुटली तर सुटली. डोंगर काय, पावसात पुन्हा हिरवा होतोच, असे सगळे म्हणायचे.

अशा डोंगरावर उरकुडा नावाचा नाकेदार आला. वनरक्षकाला इकडे नाकेदारच म्हणतात. आधीची लेकरे वाचली नाहीत की पुढच्या लेकराला दृष्ट लागू नये म्हणून असे उकिरड्यावरचे टाकाऊ नाव ठेवायची रीत होती, त्यातले ते नाव. अंगाने काटक, बोलायला कडक, आणि चालायला असा की त्याच्याबरोबर गस्तीला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी सांगून ठेवायचा, नाकेदार आला तर मी नाही म्हणून सांगा.

त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात डोंगर जळला. आग विझल्यावर उरकुडा राखेतून फिरत होता, तेव्हा त्याला या तीन मोहांच्या वरच्या अंगाला एक रानकोंबडी दिसली म्हणे. बसल्या जागी जळून गेलेली. त्याने तिला उचलले तर खाली अंडी. चहूबाजूंनी आग येताना दिसत असून ती उडाली नव्हती. उरकुडा तिथेच बसून लहान लेकरासारखा रडला. मग उठून या मोहांपाशी आला आणि झाडांना हात लावून बोलला, ज्या साली हा डोंगर जळणार नाही, त्या साली मी तुमच्या सावलीत बसेन. तोवर या डोंगरावरच्या एकाही झाडाची सावली घेणार नाही.

माणूस रागात बोलून जातो आणि मग विसरतो. उरकुडा विसरला नाही.

तो उन्हात चालायचा, उन्हात भाकर खायचा. ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून तापल्या खडकावर बसायचा. गावातली पोरे त्याची मजा करायची. विचारायची, "नाकेदार, ढगाची सावली आली तर काय करता?" तो म्हणायचा, "ढग डोंगराचा नाई. चालते." त्याची बायको लेकरांना घेऊन दूर आपल्या गावी राहायची. ती सणाला आली की त्याचे करपलेले तोंड बघून कपाळाला हात लावायची. पण नोकरीत त्याने कसर केली नाही. चिखलात रुतलेल्या गाई काढल्या, वाट चुकलेल्या लाकूडतोड्यांना हाका मारमारून घरी आणले, अस्वलाने फाडलेल्या माणसाला पाठीवर घेऊन खाली उतरला. बदलीचा हुकूम आला तेव्हा साहेबापुढे हात जोडून उभा राहिला आणि इथेच राहिला. फक्त आग तेवढी त्याच्याने थांबली नाही. दवंडी पिटवली, दंड केला, दरडावले, काठी उगारली. लोक त्याच्यासमोर हो म्हणायचे आणि त्याची पाठ वळली की काडी ओढायचे. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. हळूहळू उरकुड्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. नोकरीचा शेवटचा उन्हाळा एका सालावर आला, आणि नवस होता तिथेच होता.

हे तीन मोह तेव्हा भागरताबाई कोडापेच्या वाट्याचे होते. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, पाठ वाकलेली, नजर अधू. हे तीन मोह म्हणजेच तिचे घरदार. त्या साली तिने नेहमीप्रमाणे काडी लावली आणि वारा फिरला. आग तिच्या डोळ्यांसमोर डोंगर चढली. उरकुडा दिवसभर हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत राहिला. माणसे धावली, पण डोंगर गेला.

भागरता पळाली नाही. तिने घरी जाऊन एका फडक्यात लुगडे आणि तंबाखूची डबी बांधली, आणि मोहाखाली येऊन बसली. आता नाकेदार आपल्याला बांधून नेणार, हे तिने धरूनच ठेवले होते. संध्याकाळी उरकुडा खाली आला. भुवया जळलेल्या, हातांना फोड. गाठोडे उचलून ती उभी राहिली.

"चाल बापा," ती म्हणाली. "ने मले."

उरकुडा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने जे विचारले ते इतक्या वर्षांत त्याने कुणालाच विचारले नव्हते.

"माय, तू आग काहून लावतं?"

भागरताला आधी वाटले, हा थट्टा करतो. मग ती म्हणाली, "माही कंबर वाकत नाई आता. पाला झाडनं होत नाई. अन् पाल्यात फूल मले दिसत नाई. काळ्या भुईवर दिसते."

"एवढंच?"

"एवढंच. अजून काय पायजे? मले डोंगरावर राग हाये का?"

 तिचे गाठोडे त्याने आपल्या हाताने सोडले, तंबाखूची डबी तिच्या हातात दिली, आणि उघड्या वाटेने नाक्यावर निघून गेला. भागरता त्या रात्री झोपली नाही म्हणे. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे तिला वाटले.

पुढच्या साली पाने गळायला लागली आणि एका सकाळी भागरता टोपली घेऊन आली, तर झाडाखालून खराट्याचा आवाज. नाकेदार झाडत होता. अंगात खाकी सदरा, डोक्याला दुपट्टा, हातात खराटा. त्याने पाला तर काढलाच, पण त्या जोमात वरची मातीही खरवडून काढली होती. फुले पडत होती ती धुळीत माखत होती.

"अरे, फूल वेचू का धूळ वेचू?" भागरता ओरडली. "हात हलका ठेव! भुईले खाजवतं का राजा?"

ती बसून सांगत गेली, तो झाडत गेला. दुसऱ्या दिवशी भुई अशी साफ होती की तिच्या अधू डोळ्यांनाही फूल दिसले. गावात ही बातमी पसरली आणि हसण्याला ऊत आला. नाकेदाराला बायकोने घरातून काढले, म्हणून भागरताच्या दारी झाडायला राहिला, असे लोक म्हणाले. उरकुड्याने ऐकून घेतले आणि शेजारच्या झाडाखाली गेला. तिथून पुढच्या. पण मोह अख्ख्या रानभर, आणि हा एकटा माणूस. दुपारी तो उन्हातच खराट्यावर टेकून उभा राहायचा. भागरता म्हणायची, "बस ना बापा, तिकडे जांभळीखाली घडीभर. कोन पाहते?"

"डोंगर पाहते माय," तो म्हणायचा.

हे ऐकले की ती दिवस मोजायची. नोकरी संपायला चैत्र संपण्याचाच अवकाश होता. तोवर कुठे एक काडी पडली की या माणसाचा सारा जन्म उन्हात गेला तो गेलाच. आणि त्यात आपला हात होता, हे ती विसरू शकत नव्हती.

मग तिला एक सुचले. काठी टेकत ती घरोघर गेली. कुणाला उपदेश केला नाही. एवढेच म्हणाली, आपल्या झाडाखाली आपण झाडायचे नाही. तू तिच्या झाडाखाली झाडायचेस, तिने तुझ्या. बाया म्हणाल्या, हे काय नवीन? भागरता म्हणाली, "मी पाहिलं ना बाई. त्यानं झाडलेल्या भुईले काडी लावाले माहा हातच होत नाई. आपल्या झाडाखाली दुसरीचा घाम पडला, तं आग लावशीन का तू?"

एक आली, दोघी आल्या, मग सारी आळी आली. पहाटेच्या अंधुक उजेडात रानभर खराट्यांचा आवाज उठायचा, आणि तो थांबला की फुले पडताना ऐकू यायची. टप, टप. धुक्यात कुठे माणूस, कुठे झाड, ते कळायचे नाही. हरणे कडेला उभी राहून आपल्या वाटणीची वाट बघायची. ज्यांनी तो चैत्र पाहिला, ते पुढे म्हणायचे की आम्ही जागे होतो की झोपेत, ते आजवर कळले नाही. त्या साली डोंगरावर धूर चढला नाही.

शेवटचे फूल पडले त्या दिवशी उरकुड्याची नोकरी संपली. नव्या नाकेदाराच्या हाती नाका देऊन, दुसऱ्या सकाळी बैलगाडीने गावी जायचे होते. भर दुपारी तो या मोहांपाशी आला, तेव्हा भागरता पाण्याची घागर घेऊन तिथेच बसली होती. नवस फेडायला. आणि वर बघून हसायला लागला.

"माय," तो म्हणाला, "सावली कुठं हाये?"

तेव्हा भागरताच्या लक्षात आले. मोह बोडके होते. फूल सरल्यावर पालवी फुटायला अजून वेळ होता, आणि उरकुड्याकडे वेळ नव्हता. फांद्यांच्या चार रेघा भुईवर पडल्या होत्या, त्याला सावली कोण म्हणणार? "जाऊ दे," तो म्हणाला. "डोंगर नाई जळला. झालं." पण हे बोलताना त्याने दुपट्टा डोळ्यांवर ओढला. भागरताने त्याला कधी असे बघितले नव्हते.

तिला झाडाचा संताप आला. सासूने सुनेला बोलावे तशी ती मधल्या मोहाला बोलली म्हणे. "इतकी फुलं टाकतं, अन् पान टाकाले जड जाते का तुले? सारा जनम मानूस तुह्या बुडाशी उन्हात उभा रायला. लाज वाटत नाई?" तिने जवळची पाण्याची घागर त्याच्या बुडाशी ओतली आणि खोडाला कपाळ टेकून रडली.

असे सांगतात की आधी फांद्यांची टोके लाल झाली. वारा नव्हता, तरी वर काहीतरी सळसळले. मिटलेली पाने उलगडत गेली, या फांदीपासून त्या फांदीपर्यंत, तांबूस, ओलसर, नुकत्या जन्मलेल्या वासराच्या कानासारखी मऊ. भुईवरच्या रेघा एकमेकींत मिसळल्या. भागरताने मान वर केली तेव्हा तिच्या हातावर सावली होती.

उरकुड्याने पायातल्या वहाणा काढल्या. सावलीच्या कडेला क्षणभर थांबला, आणि आत जाऊन खोडाला टेकून बसला. डोळे मिटले. "गार हाये माय," एवढेच म्हणाला, आणि त्याला झोप लागली. भागरता शेजारी बसून पदराने माश्या वारत राहिली. टोपल्या घेऊन परतणाऱ्या बाया वाटेतच थांबल्या आणि खुणेने बोलू लागल्या. ऊन कलले, कडेच्या झाडांच्या रेघा लांब होत पूर्वेला गेल्या. मधल्या मोहाची सावली जागची हलली नाही.

इथे चैतू थांबतो. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतेच, मग तो उठला का? यावर गावात एकमत नाही. कुणी म्हणते, संध्याकाळी उठला, खराटा फांदीला टांगला आणि गाडीत बसून गावी गेला. कुणी म्हणते, दुसऱ्या सकाळी गाडी आली ती रिकामीच परत गेली. भागरताला विचारले की ती म्हणायची, "मी उठवलं नाई. मले दुसरं काई मालूम नाई."

आजही या गावात कुणी आपल्या मोहाखाली झाडत नाही, शेजारीण येऊन झाडते. नवी सून आली, नवा नाकेदार आला, नवा साहेब आला, तरी त्याने आधी इथे येऊन खराटा धरायचा. डोंगराला नाव तेवढे राखेचे राहिले आहे. आजही कडेचे दोन मोह बोडके असताना मधला पालवतो. दुपार टळून जाते, गाडीवाला हॉर्न वाजवायला हात उचलतो आणि चैतू त्याला खुणेने थांबवतो. मग खराटे पुन्हा फांदीला लागतात, आणि पाहुणे चपला हातात घेऊन, पाय न वाजवता, सावलीच्या बाहेर येतात.