टिचकीचा रांगेतला चिंचोका

एक व्हती उंदरीन. नाव टिचकी. टिचभर अंग, वीतभर शेपूट. घरात सहा पोरं. सहाच्या सहा उपाशी. चूं चूं चूं!

लांब कुटंतरी लढाई चालली व्हती. लढाई लांब, पन ज्वारी हितली गेली. तेल गेलं. कडबा गेला. गावात उरलं काय? रांग!

दुकान एकच. कंट्रोलचं, म्हंजे सरकारी रेशनचं. दुकानदार भिकूशेट. ज्वारी मोजून द्यायचा. ज्याचा नंबर त्याला. नंबर पायजे तर रांगेत हुबं ऱ्हा. पन दिसभर हुबं कोन ऱ्हानार? कामं काय पडून ऱ्हात्यात? मग मानसं आपल्या जागंवर खून ठिवायची. कुनी दगूड ठिवला. कुनी पिशवी ठिवली. खून रांगेत, मानूस कामाला.

टिचकीनं काय ठिवलं? चिंचोका! एका अंगानं सोललेला. अर्धा काळा, अर्धा पांढरा. त्याच्या पुढं हौसाक्काचं गाडगं. त्याच्या मागं गनपानानाची पायातली वहान. ही एवढी मोठी वहान. मधी चिंचोका.

टिचकी म्हनली, "पोरांना बघून येते."

सुळुक सुळुक गेली. सुळुक सुळुक आली. अन् बघती तर काय? कोंबडा रांगेत उकरत व्हता. खरर खरर! खरर खरर!

"आरं आरं, कोंबड्या!"

कोंबड्यानं मारली तंगडी. चिंचोका उडाला. गडगड गडगड रस्त्यावर गेला. तिकडनं आली लाकडाची गाडी, रेडा जुपलेली. करर्र कट्ट! चाक चिंचोक्यावर. अन् गाडी तिथंच आडली. कोंबडा पळाला. मेल्याला काय त्याचं!

टिचकी गेली दुकानात.

"भिकूशेट, माजा नंबर धरा. चिंचोका चाकाखाली गेला."

भिकूशेट म्हनला, "खून न्हाई, नंबर न्हाई."

"दुसरा चिंचोका आनू?"

"सकाळी बघितला तोच पायजे. अर्धा काळा, अर्धा पांढरा. पोतं सरायच्या आत आन."

झालं! टिचकी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

गाडीपाशी यमाजी गाडीवान बसला व्हता. मांडी घालून.

"यमाजीदादा, यमाजीदादा,
चिंचोका माजा निघंना,
घरात पोरं उपाशी!
तू तेवढी गाडी हलव."

यमाजी म्हनला, "कशी हलवू? चाक आवळलंय. चाकाच्या आखाला तेल न्हाई. लढाई हाय, ठावं न्हाई? तेल आन, मग गाडी हलवतो."

टिचकी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली तेलनीकडं. तेलीन दारात बसली व्हती. तेलाची बुधली रिकामी.

"तेलीनकाकी, तेलीनकाकी,
गाडी काय हलंना,
चिंचोका माजा निघंना,
घरात पोरं उपाशी!
तू तेवढं तेल दे."

तेलीन म्हनली, "कुटलं देऊ? घाना बंद हाय. बैल उठंना. लढाई हाय, ठावं न्हाई? बैल उठव, मग तेल देते."

टिचकी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. घान्याशी बैल पसरला व्हता. ढगाएवढा बैल! टिचकी त्याच्या नाकापाशी हुबी ऱ्हायली. बैलानं सोडला श्वास. फूंऽऽऽ! टिचकी चार हात लांब पडली. उठली. शेपूट झाडलं. पुन्यांदा आली.

"बैलोबा, बैलोबा,
तेलीन तेल देईना,
गाडी काय हलंना,
चिंचोका माजा निघंना,
घरात पोरं उपाशी!
तू तेवढा ऊठ."

बैल म्हनला, "कसा उठू? पोटात काडी न्हाई. लढाई हाय, ठावं न्हाई? गवत आन, मग उठतो."

टिचकी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली ओढ्याला. ओढ्याला गवत हाय. गुडघाभर! गवतवाली सखू मातूर बांधावर बसलीय. गालाला हात लावून.

"सखूमावशे, सखूमावशे,
बैल काय उठंना,
तेलीन तेल देईना,
गाडी काय हलंना,
चिंचोका माजा निघंना,
घरात पोरं उपाशी!
तू तेवढं गवत काप."

सखू म्हनली, "कशानं कापू? दातानं? विळ्याला धार न्हाई. हा बघ! लोनीसुदिक कापायचा न्हाई. लढाई हाय, ठावं न्हाई? लोहाराला धार लावाया सांग, मग गवत कापते."

तिकडं दुकानात पोतं निम्मं झालं. घरात पोरं चूं चूं चूं!

टिचकी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली लोहाराकडं. भट्टी गार. राखंत मांजर निजलेलं! टिचकी मांजराला वळसा घालून गेली. हळूऽऽ. पाय न वाजवता. लोहाराच्या कानापाशी चढली.

"लोहारमामा, लोहारमामा,
सखू गवत कापंना,
बैल काय उठंना,
तेलीन तेल देईना,
गाडी काय हलंना,
चिंचोका माजा निघंना,
घरात पोरं उपाशी!
तू तेवढी धार लाव."

लोहार म्हनला, "कशी लावू? भाता फाटलाय."

भाता म्हंजे चामड्याची मोठी पिशवी. दाबली की वारा सोडती. भस्स! वाऱ्यानं भट्टीतला इस्तू फुलतो. पन भात्याला पडलं व्हतं भोक. वारा भोकातनंच जायचा. फुस्स!

लोहार म्हनला, "लढाई हाय, ठावं न्हाई? सटवाबाकडनं ठिगूळ आन, मग धार लावतो."

टिचकी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पाय दुखाया लागलं. जीभ वाळली. पन निघाली.

सटवाबा म्हातारा. वहाना शिवायचा. मांडीवर चामडं घिऊन बसला व्हता. नुसताच बघत.

"सटवाबा, सटवाबा,
लोहार धार लावंना,
सखू गवत कापंना,
बैल काय उठंना,
तेलीन तेल देईना,
गाडी काय हलंना,
चिंचोका माजा निघंना,
घरात पोरं उपाशी!
तू तेवढं ठिगूळ काप."

सटवाबा म्हनला, "कसं कापू, पोरी? ही बघ माजी रापी. चामडं कापायची सुरी. हिलाच धार न्हाई. लढाई हाय, ठावं न्हाई? लोहाराकडनं धार लावून आन, मग ठिगूळ कापतो."

टिचकी हुबीच ऱ्हायली.

लोहार म्हनतो, सटवाबाकडं जा. सटवाबा म्हनतो, लोहाराकडं जा. आता?

टिचकीचं डोस्कं फिरलं! मिशा ताठ. शेपूट ताठ. पाय आपटला. थाड्!

"मी काय घान्याचा बैल हाय, गोल गोल फिरायला? लढाई हाय, लढाई हाय! सगळी बसल्यात गालाला हात लावून. लढाईनं तुमचं हात नेलं का?"

"न्हाई गं," सटवाबा म्हनला.

"माजं दात नेलं का?"

"न्हाई."

"मग सरका बाजूला! दाताला कंट्रोल न्हाई!"

अन् टिचकी चामड्यावर चढली. लावलं दात.

कुरूम कुरूम कुरूम! कुरूम कुरूम कुरूम!

गोल गोल गेली. पडलं ठिगूळ. भाकरीवानी गोल.

सटवाबा बघतच ऱ्हायला. "आयला! माज्या रापीपेक्षा बरं कापलं की!"

सुई घेतली. दोरा घेतला. ठिगूळ काखंत मारलं. टिचकीला घेतलं खांद्यावर. म्हनला, "चल. तू लई चाललीस."

अन् मग बघा.

सटवाबानं भाता शिवला. खुप् खुप् खुप्!
भात्यानं सोडला वारा. भस्स भस्स! इस्तू लाल झाला. मांजर उठून पळालं!
टिचकीच्या हाकंनं सखू विळा घिऊन आली. लोहारानं तो ठोकला. ठन् ठन् ठन्! विळ्याला आली धार.
सखूनं कापलं गवत. खसाखस खसाखस! भारा केला, बैलाफुडं टाकला.
बैलानं गवत खाल्लं. कच्याक कच्याक! ढेकर दिली. ऑऽऽ! अन् उठला.
घाना फिरला. कुईं कुईं कुईं!
तेल पडलं. टिप. टिप. टिप.

तेलीन म्हनली, "कशात नेशील गं?"

टिचकीनं शेंगंचं टरफल फुडं केलं. तेलनीनं टरफल भरलं. वर एक थेंब जादा घातला.

टिचकी निघाली. सुळुक... सुळुक... सुळुक... हळू, तेल सांडंल!

यमाजीनं आखाला तेल लावलं. "हो हो हो! ओढ रं!"

गाडी हलली. करर्र... सर्र्!

मातीत रुतला व्हता चिंचोका. टिचकीनं उकरला. फुकला. फू! फू! पुसला. अर्धा काळा, अर्धा पांढरा. तोच!

तोंडात धरला अन् पळत सुटली. सुळुकसुळुकसुळुकसुळुक!

दुकानात पोतं तळाला गेलं व्हतं. पार तळाला. भिकूशेट पोतं उलटं करून झाडत व्हता. हौसाक्का गाडग्यात ज्वारी घेत व्हती. तिच्या मागं गनपानाना. अंगानं दांडगा. मिशा ह्या अशा. वहान पायात घालून हुबा.

टिचकी आली. दोघांच्या मधी शिरली. चिंचोका ठिवला. टक्क!

गनपानाना म्हनला, "ए! ही कोन मधीच? उंदराला कसली रांग? जा, चोरून खा जा!"

टिचकी मागं वळली. वर बघितलं. लई वर बघाया लागलं, तवा मिशा दिसल्या.

"चोरून खायाचं असतं तर सकाळधरनं गावभर फिरले नसते. पोतं कुरतडलं असतं. गप बसले असते. माजा नंबर हाय. वहान मागं घे!"

रांग हसली. गनपानाना लालबुंद झाला.

"खोटं बोलती! शेट, खोटं बोलती ही!"

हौसाक्कानं गाडगं खाली ठिवलं. कमरंवर हात ठिवला.

"का रं गनपा? सकाळी माज्या गाडग्यामागं चिंचोका व्हता, म्या बघितलाय. तुजी वहान त्याच्या मागं व्हती. गप ऱ्हा. मिशा हायत म्हून नंबर बदलतो का?"

भिकूशेटनं चिंचोका उचलला. हिकडनं बघितला. तिकडनं बघितला. अर्धा काळा, अर्धा पांढरा.

"खून तीच," भिकूशेट म्हनला. "नंबर टिचकीचा."

मग भिकूशेट आडला. टिचकीला ज्वारी द्यायची किती? शेर हाय, लई मोठा. पावशेर हाय, तोबी मोठा. वजनं शोधली. खाली शोधलं, वर शोधलं. एवढं बारकं वजन कुटलं?

"हे काय," टिचकी म्हनली. "वजन तुमच्या हातातच हाय."

भिकूशेट हसला. तराजूच्या एका पारड्यात ठिवला चिंचोका. दुसऱ्यात टाकली ज्वारी. एक दाना. दोन दानं. टप टप टप. पारडं हललं. खाली गेलं, वर आलं, बरूबर झालं.

"ही तुजी ज्वारी."

"अन् माजं?" गनपानाना म्हनला.

"हाय की. पोत्यात तुजाबी वाटा हाय. ये फुडं."

टिचकीनं दानं पानात बांधलं. घरी आली. पोरांनी उड्या मारल्या. चूं चूं चूं! पोरांना चार चार दानं दिलं. सहाच्या सहा पोरांना. उरलं दोन. ते टिचकीनं खाल्लं. कुटुक. कुटुक. पोरांची पोटं टुम्म झाली.

दुसऱ्या दिशी सकाळी पुन्यांदा रांग लागली. कुनाचा दगूड. कुनाची पिशवी. हौसाक्काचं गाडगं. त्याच्या मागं चिंचोका. अर्धा काळा, अर्धा पांढरा.

गनपानाना वहान ठिवाया आला. तेवढ्यात आला कोंबडा. खरर खरर!

"हुश्श! हो तिकडं!" गनपानाना वरडला. "दिसत न्हाई का? नंबर हाय तिचा!"

कोंबडा पळाला. गनपानानानं वहान ठिवली. चिंचोक्याच्या मागं. चांगली वीतभर मागं.

दाना दाना वाटून खाल्ला,
गोष्टीचा वाटा तुमाला दिला.