सगुणेच्या गाडीतला माल

"रिकामी गाडी रस्त्यावर दिसली, की गाडी जप्त आणि बैलही जप्त!"

सोनगिरीच्या भद्रसेन महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला, तेव्हा सगुणा गाडीवाली दाराशीच उभी होती.

खूळ महाराजांचं नव्हतं. ते होतं पाच राज्यांच्या वाहतूक-सभेचं. मालाची ने-आण वेगाने कशी व्हावी, याचा शोध घ्यायला पाच राजांनी मिळून पंडितांची ही सभा नेमली होती. पंडित गाद्यांवर बसत, लोडाला टेकत आणि बैल गाडी ओढतो की गाडी बैलाला ढकलते, यावर दुपारपर्यंत भांडत. मग जेवत. जेवणानंतर वाद पुढे चालवण्याची शुद्ध कुणालाच नसे.

सभेत एक तरी खरा गाडीवाला हवा, अशी राजांची अट होती. मोठ्या तांडेवाल्यांनी कामाच्या सबबी सांगून अंग काढून घेतलं. उरली सगुणा. नवऱ्याच्या मागे ती त्याची एकुलती गाडी भाड्याने चालवत होती. सभेत तिचं काम एवढंच, की दाराशी उभं राहायचं आणि विचारलं तर मान डोलवायची. विचारत कुणी नसे.

तर या सभेने पुष्कळ जेवणांनंतर एक मोठा शोध लावला. गाड्या एका बाजूने भरून जातात आणि दुसऱ्या बाजूने रिकाम्या येतात! उपायही सभेनेच काढला. रिकाम्या गाडीवर बंदी!

"महाराज," सगुणा पुढे होत म्हणाली, "माल आणायला निघालेली गाडी रिकामीच असणार की! भरल्या गाडीत माल भरायचा कुठं?"

सभेचे अध्यक्ष त्र्यंबकशास्त्री लोडावरून किंचित उठले. त्यांच्यासाठी हे श्रमच होते.

"ही बघा हिची अक्कल! महाराज, हिच्याच गाडीवर प्रयोग करावा. हिने बंदरावर जाऊन मीठ आणावं. जाताना गाडी पाऊलभरही रिकामी असता कामा नये."

"बंदराला आपल्या गावातलं काही लागतच नाही, शास्त्रीबुवा. नेऊ काय?"

"ते तू बघ! दगडधोंडे चालणार नाहीत. वैरण चालणार नाही. माल हवा, माल!"

महाराजांनी एकदा मान हलवली, की ती परत हलत नसे. ते म्हणाले, "बाकीच्या चारही राजांचे वकील निकाल पाहायला थांबले आहेत. प्रयोग फसला, तर तुझी गाडी आणि बैल सरकारजमा!"

बैलांची ती जोडी सगुणेच्या नवऱ्याने वासरं असल्यापासून वाढवलेली. त्याच्या हातचं घरात आता तेवढंच उरलं होतं. सगुणेने हात जोडले.

"जाते, महाराज. पण प्रयोग सभेचा आहे. उद्या मी येऊन काहीबाही सांगितलं तर? डोळ्यांनी बघायला सभा नको का बरोबर?"

"खरं आहे!" महाराज खूश झाले. "सगळी शास्त्री मंडळी हिच्या गाडीतून जातील. हा माझा हुकूम!"

पंडितांचे चेहरे पांढरे पडले.

"महाराज," त्र्यंबकशास्त्री चाचरत म्हणाले, "आमचं संशोधन बसून करण्याचं आहे."

"गाडीतही बसायचंच आहे, बुवा," सगुणा म्हणाली.

गाडी निघाली. पहिल्याच खड्ड्यात पंडित एकमेकांच्या अंगावर पडले.

"अगं, हळू हाक! हा रस्ता असा कसा?"

"रस्ता असाच असतो, बुवा. तुम्ही भेटला नव्हता त्याला."

एकाला ऊन लागलं, एकाला मळमळलं, एकाचं पागोटं ओढ्यात वाहून गेलं. सगुणेने कुणाला पाणी पाजलं, कुणाचं डोकं बांधलं, कुणाला पडता पडता धरलं. असं करत बंदर आलं. तिथे तिने सगळ्यांना उतरवलं आणि गाडी मिठाने काठोकाठ भरली. त्र्यंबकशास्त्री सवयीने चढायला गेले.

"आता जागा नाही, बुवा."

"मग आम्ही यायचं कसं?"

"मिठाला चालता येत नाही. तुम्हाला येतं का बघा!"

सभा परतली ती गाडीमागून लंगडत. दरबारात पाऊल टाकताच त्र्यंबकशास्त्री ओरडले, "प्रयोग फसला, महाराज! जाताना गाडीत चिमूटभरसुद्धा माल नव्हता! करा जप्त!"

"काय गं सगुणे, खरं का हे?"

"सांगते, महाराज. आधी शास्त्रीबुवांनी एवढं सांगावं, माल म्हणायचं कशाला?"

असला प्रश्न समोर आल्यावर शास्त्रीबुवा गप्प राहतात थोडेच! पाय सुजले होते, तरी त्यांनी घसा खाकरला.

"जे आपल्या पायांनी जात नाही, दुसऱ्याच्या आज्ञेवरून ज्याला हलवावं लागतं आणि वाटभर ज्याला सांभाळावं लागतं, तो माल!"

"साधु! साधु!" पंडितांनी माना डोलवल्या.

"मग गाडी भरलेली होती, महाराज!" सगुणा म्हणाली. "ही मंडळी आपल्या पायांनी निघाली नाहीत. तुमच्या हुकमावरून हलली. आणि वाटभर किती सांभाळावी लागली, ते माझं मला ठाऊक!"

चारही वकिलांनी तोंडाला उपरणी लावली.

"आम्ही माल?" शास्त्रीबुवा लालबुंद झाले. "मग बंदरावर उतरवलेला माल माघारी कसा आला?"

"घ्यायला कुणी पुढंच आलं नाही, बुवा!"

दरबार खदखदून हसला. महाराजांनी हसू कसंबसं दाबलं आणि हात वर केला.

"थांब. माल चालत नाही, असं शास्त्रीबुवाच सांगतात. हे तर तुझ्या गाडीमागून चालत आले. मग हे माल कसे?"

"जाताना माल होते, महाराज. चालायला लागले, तेव्हा माणसं झाली!"

महाराज असे हसले, की मुकुट कानावर आला. डोळे पुसत ते म्हणाले, "हुकूम रद्द! गाडी तुझी, बैल तुझे! अरे कोण आहे तिकडे? कोठारातला गहू काढा आणि हिची गाडी भरून द्या!"

"जी महाराज," कारभारी उठले. "हमाल बोलावतो."

"हमाल कशाला?" महाराजांनी त्र्यंबकशास्त्र्यांकडे बोट केलं. "ही नुकतीच झालेली माणसं उभी आहेत ना! उचला म्हणावं पोती!"