घंटीचं तोंड बांधणारा चक्कीवाला

फार वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका खेड्यात, उघड्या माळावर, लाल विटांची एक उंच पवनचक्की होती. वाऱ्याने पाती फिरायची, पात्यांबरोबर आतले जात्याचे भलेमोठे दगड फिरायचे, आणि अख्ख्या गावाचं पोट त्यावर चालायचं.

दगडांच्या वर धान्याची पेटी होती. पेटीतलं धान्य संपत आलं की एक घंटी आपोआप वाजायची. कारण दाण्यावाचून दगडावर दगड घासला की ठिणगी उडणार, आणि आत तर बघावं तिकडे लाकूड न् पीठ! म्हणून घंटी वाजली की चक्कीवाल्याने दोन जिने चढून धान्य ओतायचं, असा शिरस्ता.

चक्कीवाला आता थकला होता. गुडघे दुखायचे. "काय मेली कटकट! जरा टेकलो की हिचं सुरू," म्हणत त्याने एक दिवस घंटीला फडकं गुंडाळून टाकलं.

बायको म्हणाली, "अहो, काढा ते. भलतंसलतं झालं म्हणजे?"

"तीस वर्षं हे दगड फिरवतोय मी. नुसत्या आवाजावरून कळतं मला!"

आठ दिवस काहीच झालं नाही. तेच तर वाईट झालं. त्याला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हतो?

नवव्या दिवशी दुपारी वारा वाढला. पोत्याला टेकून बसलेल्या चक्कीवाल्याचा डोळा लागला. झोपलेल्याला कसला आवाज कळतोय, कप्पाळ! वर पेटी रिकामी झाली.

"अहो, उठा! धूर!" बायकोने त्याला ओढत बाहेर काढलं. गावकरी बादल्या घेऊन धावले, पण वारा थांबेना, पेटलेली पाती फिरतच राहिली. गावाने दळायला टाकलेलं सगळं धान्य जळालं. विटांचा पोकळ बुरूज तेवढा उरला.

एक विधवा बाई पुढे आली. "दादा, माझं शेवटचं पोतं तुमच्याकडे होतं. आता लेकरांना काय घालू?"

त्या हिवाळ्यात तिचं धाकटं लेकरू गेलं. गावातली आणखी दोन गेली. चक्की पुन्हा कुणी बांधली नाही.

बायको मात्र 'मी सांगत होते ना' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला मरेपर्यंत वाटत राहिलं.

तात्पर्य: सावध करणाऱ्याचं तोंड बांधलं म्हणून संकट टळत नाही, ते न सांगता येतं, आणि आपल्याबरोबर दुसऱ्यांचंही घर बुडवतं.